इंजिनाची खांदशेकणी

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी दिवाळीपर्यंत विचार केला. पण आमच्या वरोऱ्यात ही गोष्ट अशी पसरली आहे, की मी नाही सांगितली तर दुसरं कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा.

घोळ मी घातला. एकटीनं! तोही पुण्याचं काम समजून, मन लावून, वाटीभर लोणी आणि हळद घेऊन.

आधी माणसं सांगते. मी मेघा. माहेर चामोर्शीजवळच्या एका खेड्यातलं; घरची धानाची शेती, गोठ्यात बैलजोडी. वैशाखात लग्न होऊन वरोऱ्यात आले. मला बोलायची सवय कमी. पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "पोरगी चांगली हाय वो, पन तोंडातून आवाज निंगाले तिले काय त्रास होते, देव जाने."

नवऱ्याचं नाव प्रफुल. हायवेच्या कडेला, घराला लागूनच यांचं गॅरेज. सासऱ्यांनी जन्मभर ट्रॅक्टर आणि ट्रकची इंजिनं उघडली. ते नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं सांगतात. हे मात्र चार वर्षं पुण्यात नोकरी करून लॅपटॉप जोडून दुखणं शोधायला शिकून आले. बापलेकांचं एकमेकांवर फार प्रेम आहे. फक्त इंजिन चालू असताना नसतं.

तर पोळ्याच्या सुमारास गॅरेजात एक जीप होती. नागपूरच्या विकीभाऊंची. हा माणूस हौसेनं चिखलात, नाल्यात, डोंगरावर गाडी घालतो आणि त्याच्या शर्यती असतात म्हणे. त्यांच्या जुन्या पेट्रोल जीपला यांनी सुपरचार्जर बसवला होता. पोळ्याच्या दिवशी दुपारी चारला विकीभाऊ येणार, चालवून बघणार. आवडली, तर त्यांच्या मित्रांच्या चार जीपा याच गॅरेजात. नाही आवडली, तर हे पुण्याची नोकरी परत धरणार.

"तुले मंग मागून घेऊन जाईन," हे म्हणाले होते, "रूम भेटली का."

लग्नाला साडेतीन महिने झालेले! 'रूम भेटली का' या तीन शब्दांनी मी दोन रात्री झोपले नाही. जीप पास व्हायला हवी होती, यांच्यापेक्षा मला.

आता सुपरचार्जर म्हणजे काय? मला हे लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात कळलं. लोकांचे नवरे नव्या बायकोला फिरायला नेतात. यांनी मला बोनेट उघडून दाखवलं. साधं इंजिन आपल्या भुकेनं हवा खातं. सुपरचार्जर त्याला जावयासारखा आग्रह करतो, नको नको म्हणताना आणखी हवा कोंबतो. तो फिरतो इंजिनाच्याच जोरावर: खाली एक चाक, वर एक चाक आणि दोघांवर ताणलेला रबरी पट्टा. हवा जास्त गेली की त्या मापानं पेट्रोल जास्त द्यायचं, आणि ते पेटवणारी ठिणगी जरा उशिरा पाडायची. ठिणगीनं घाई केली आणि वर पेट्रोलही कमी पडलं, तर इंजिन आतून टणटण वाजतं. डब्यात खडे घालून हलवावेत तसं.

"वाजलं तर वाजलं. काय होते?" मी विचारलं होतं.

"पिस्टनले भोक पडते."

यानंतर मी प्रश्न विचारला नाही.

जीपचं हवा-पेट्रोलचं माप जमवण्यासाठी रस्त्यावर ज्या फेऱ्या मारायच्या, त्यांत मी शेजारी बसायचे. मांडीवर लॅपटॉप. सुपरचार्जर किती दाबानं हवा देतो आहे, तो आकडा मोठ्यानं वाचायचा, बस. "सहा." "साडेसहा." "सात." हे काम यांनी मलाच का दिलं? तर, "तू आकड्याबिगर काई बोलत नाईस म्हनून." सासरी आल्यापासून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जीप जमली. काय जमली! दाब सातावर, पेट्रोल मापात, ठिणगी वेळेवर. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. यांनी बोनेट लावलं आणि जाहीर केलं, "आता विकीभाऊ येत परेंत हिले कोनी हात लावाचा नाई."

हे सासऱ्यांकडे बघून म्हणाले. त्यात मीसुद्धा येते, असं माझ्या मनातही आलं नाही.

संध्याकाळ झाली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू ओढून सोलवटलेला खांदा. त्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं हळूहळू चोळायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सासरी बैल नाहीत. पण सासूबाईंचा हिशेब सरळ: ज्याच्या जिवावर घर जेवतं तो बैल. म्हणून दर वर्षी त्या सांजेला गॅरेजात जी गाडी उभी असेल, तिच्या बोनेटवर हळदीचं एक बोट.

त्यांनी माझ्या हातात वाटी आणि पळसाचं पान दिलं. "जाय मेघा, यंदा तू शेक आपल्या बैलाले."

तेवढं एक बोट लावून मी परत आले असते तर आज तुमच्यापुढे ताठ मानेनं बसले असते. पण मी बैलवाल्यांची पोरगी ना! आमच्या घरी वरवर बोट लावलेलं चालत नाही. जिथं जू बसतं, जिथली कातडी घासली गेली आहे, नेमका तिथं हात फिरला पाहिजे. म्हटलं, सासरच्यांना दाखवून देऊ चामोर्शीकडची पद्धत!

मी बोनेट उघडलं.

आता इंजिनाचा खांदा कुठला? तुम्हीच सांगा. बॅटरी? ती तर बसून असते. रेडिएटर? तो पाणी पितो. मग नजर गेली त्या पट्ट्यावर आणि दोन चाकांवर. चाकांच्या कडा घासून घासून चकचकीत झालेल्या. सगळा जोर ओढणारा हाच की! माझे डोळे भरून आले हो. बिचारा आमच्या संसारासाठी किती राबतो!

वाटी पूर्ण संपवली. वरच्या चाकाला लावलं, खालच्या चाकाला लावलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला खाचा असतात. तिथली कातडी फार कोरडी वाटली, म्हणून तिथं जरा जास्तच जिरवलं. आवतण कानात द्यायचं असतं. इंजिनाला कान कुठे? हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बोनेट लावलं, वरून हळदीचं एक बोटही ओढलं. परत आले तर सासूबाई म्हणाल्या, "लय वेळ लागला वं?"

"नीट शेकली," मी म्हणाले. केवढा अभिमान त्या दोन शब्दांत!

सकाळी यांनी जीप चालू केली, आणि आम्ही शेवटची एक फेरी मारायला निघालो. हायवेवरून आत वळणारा गावाकडचा रस्ता. यांनी पाय दाबला. जीप पुढे जायच्या ऐवजी मागून काळा धूर सोडून कण्हायला लागली.

"किती?"

"तीन," मी म्हटलं.

"सात म्हन."

"तीन हाय तर सात कशी म्हनू?"

यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अविश्वासानं बघितलं आणि स्वतः वाकून आकडा पाहिला. तीन!

परत गॅरेजात. बोनेट उघडलं. पट्ट्यावर पिवळं दिसलंच. हे म्हणाले, "आईनं यंदा आत परेंत हळद लावली वाटते," आणि पट्ट्याला हात जोडून नमस्कार केला! अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. ताण बरोबर. मग त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. एरवी पट्टा घसरला तर किंचाळतो, गावभर ऐकू जातं. पण लोणी लावलेला पट्टा गुपचूप घसरतो हो. तोही माझ्यासारखाच अबोल.

मी का नाही बोलले, असं तुम्ही विचाराल. अहो, मला संशय आला असता तर बोलले असते ना! माझ्या डोक्यात इतकंच, की काल इतकी सेवा केली, तरी देव का कोपला?

मग सुरू झाली शोधाशोध. हवा कुठे गळते का, म्हणून प्रत्येक नळीच्या सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं. एक बुडबुडा नाही. तेवढ्यात सासरे आले. डोळे मिटून, मान तिरपी करून इंजिन ऐकलं.

"टायमिंग मांगं हाय. ठिनगी उशिरा पडून राह्यली. पुढं घे."

"बाबा, काल तर तेच टायमिंग होतं ना!"

"काल होतं, आज नाई. माह्या कानाले नको सांगू."

बाबांचंही चुकलं नव्हतं बरं. हवाच कमी जात होती, तर तिच्यासाठी उशिरा पाडलेली ठिणगी आळशीच वाटणार. आणि हवा कमी, पेट्रोल मात्र कालच्याच मापाचं, म्हणून काळा धूर. यांनी लॅपटॉपवर ठिणगी जरा लवकर घेतली, पेट्रोल जरा कमी केलं. फेरी मारली. धूर कमी झाला. आणखी लवकर, आणखी कमी. जीप थोडी हुशारली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक फेरीला मी इमानदारीनं वाचते आहे, "तीन... तीन... सव्वातीन."

मधेच यांनी नाक वर केलं. "मेघा, तुपाचा वास येऊन राह्यला ना?"

"पोळा हाय ना आज," मी म्हटलं. घराघरात पुरणाच्या पोळ्या. सगळं वरोरा तुपात परतलेलं. कोणाला शंका यावी?

अकरा वाजले तेव्हा हे बोनेटपाशी बसले. हातातला पाना खाली ठेवला. आवाज अगदी लहान झाला होता.

"मले नाई येत हे काम, मेघा. काल जमलं ते नशिबानं जमलं. विकीभाऊले खरं सांगून टाकतो, आन उद्या पुन्याले फोन लावतो."

साडेतीन महिन्यांत मी यांना थकलेलं पाहिलं होतं, हरलेलं नाही. मी लॅपटॉप उचलला. म्हटलं, "अजून एक फेरी मारू. आकडा वाचते मी."

निघालो. एव्हाना इंजिन चांगलं तापलं होतं. रस्त्यावर रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं घालून बैल चाललेले. ते गेले आणि पुढे रस्ता मोकळा झाला. यांनी पाय दाबला.

"तीन," मी वाचलं. "साडेतीन... पाच... अहो, सात!"

आणि टणटणटणटण!

डब्यात खडे. शंभर खडे! यांनी तत्क्षणी पाय काढला, चावी फिरवली. जीप घरंगळत जाऊन पळसाच्या झाडाखाली थांबली. बोनेटच्या फटीतून खमंग वास येत होता. बेसनाचे लाडू भाजायला घेतल्यासारखा.

"सात?" यांनी विचारलं.

"सात."

"मंग सकाळपासून हवा होती कुठी?"

आणि मग, तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. लोणी तापलं, वितळलं, उडालं, उरलेलं जळालं, आणि पट्ट्यानं पुन्हा चाक धरलं! पायाखालची जीप सरकली माझ्या. म्हटलं, सांगावं की उतरून चामोर्शीपर्यंत चालत जावं?

"मी काल खांद शेकली होती," मी म्हणाले.

"कोनाची?"

"हिची."

"बरं. मंग?"

"जिथं जू बसते तिथं."

"जीपले जू कुठी असते?"

मी पट्ट्याकडे बोट दाखवलं. हे उतरले, बोनेट उघडलं, पट्ट्याच्या आतल्या खाचेतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग बोनेटच्या काठावर डोकं टेकवून उभे राहिले. खांदे हलायला लागले. अरे देवा, रडवलं मी यांना! मी घाईनं उतरले. "चुकलं माझं, अहो, ऐका ना..."

हे हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हंजे काल माझं टायमिंग बरोबर होतं! मेघा, बरोबर होतं ना वं! पेट्रोलबी बरोबर होतं! मले येते हे काम!"

सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? त्यांच्या इंजिनाचा जीव मी घ्यायला निघाले होते, आणि हा माणूस मला धन्यवाद देत होता. मनात जे म्हटलं ते अजून मनातच आहे.

पण भोक? ते राहिलंच की! जीप तशीच, इंजिन न चालवता, बाबांनी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून आणली. यांनी एकेक प्लग काढला. भिंगातून पाहिला. आम्ही चौघं वाकून उभे, जशी काही नाडी तपासणं चाललं आहे. मग इंजिनाच्या आतला दाब मोजला. चारही सिलिंडरांत सारखा. इंजिन वाचलं. पाय वेळेवर काढला होता म्हणून.

आता बाबांचा प्रश्न आला. "हे लोनी कोनं फासलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई पदर खोचत पुढे झाल्या. "म्या सांगतलं होतं तिले. आन तुमच्या कानानं सकाळपासून काय केलं? लोन्याचा आवाज नाई आला काय त्याइले?"

बाबांनी मान खाली घालून पट्टा उतरवला. पोळ्याच्या दिवशी दुकानं बंद, नवा पट्टा मिळणार नव्हता. पेट्रोलनं पुसावं तर रबर खराब होतं.

"सरका," सासूबाई म्हणाल्या. "तूप-लोनी कसं काढाचं ते मले शिकवू नोका."

गरम पाणी, भांड्यांची पावडर आणि नारळाची किशी. पोळ्या तव्यावर टाकायच्या सोडून त्या बाईंनी पट्टा आणि दोन्ही चाकं अशी घासली, जसं पूजेचं तांब्याचं भांडं. मी पाणी ओतत होते. त्या हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "घाबरू नोको माय. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याले म्या यांच्या ट्रॅक्टरच्या डिझेलमधी नैवेद्याचं दूध वतलं होतं. त्याइले अजून मालूम नाई."

मी पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं हसले. बाबांनी विचारलं, काय झालं? दोघी म्हणालो, काही नाही.

पट्टा वाळवून चढवला. यांनी लॅपटॉपवर कालचीच मापं परत आणली. ती जपून ठेवलेली होती. ठिणगी कालच्या वेळेवर, पेट्रोल कालच्या मापानं. एक फेरी. "सात," मी वाचलं. "सात. सात." खरं सांगते, इतका सुंदर आकडा मी शाळेतही कधी वाचला नव्हता.

चारच्या ठोक्याला विकीभाऊ आले. गळ्यात चेन, डोळ्यांवर काळा चष्मा. जीप घेऊन गेले ते वीस मिनिटं आलेच नाहीत. आम्ही फाटकाशी उभे, सासूबाईंच्या हाताला अजून साबण. शेवटी जीप आली. विकीभाऊ उतरले, तोंडभर हसले.

"प्रफुल, गजब बनवलं बे! डांबर उखडून राह्यली ना गाडी!" मग थांबले, नाक ओढलं. "पन एक सांग, गाडीतून लाडवाचा वास काऊन येते?"

सगळे पायाकडे बघायला लागले. हे कधीच सांगणार नाहीत, हे मला कळलं. सासूबाई दुसऱ्यांदा माझा गुन्हा अंगावर घ्यायच्या तयारीत होत्या. म्हटलं, आता बोलायचं नाही तर कधी?

मी बोलले. खांद, जू, वाटीभर लोणी, नळीच्या तोंडाशी दिलेलं आवतण, सगळं सांगितलं. लग्नानंतर मी सलग इतकं बोलल्याचं हे पहिलंच. विकीभाऊंनी चष्मा काढला. मला वाटलं, गेल्या चार जीपा.

"वहिनी," ते म्हणाले, "आवतन गाडीले देलं, आन गाडीवाल्याले नाई?"

त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या. हातावर पाणी घेऊन यांना म्हणाले, "चारही गाड्या पाठवतो. जे घर आपली चूक लपवत नाई, ते इंजिनाची कायले लपवन?" पुण्याला फोन झाला नाही. रूम पाहायची राहिली. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडते, तेव्हा तीन माणसांची नावं घेते: एक न रागावलेला, एक पुढे झालेली, आणि एक जेवून गेलेला.

पण विकीभाऊंचं तोंड! त्यांनी गोष्ट नागपूरला नेली. तिथून शर्यतवाल्यांत गेली, आणि कुठे कुठे गेली ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

हे आंघोळीला गेले होते. गॅरेजचा फोन मी उचलला. राजुऱ्याहून कोणी अनोळखी गृहस्थ बोलत होते.

"प्रफुलभाऊ हायत काय? माह्या गाडीची मेघा झाली."

"काय झाली?"

"मेघा, मेघा. पट्टा घसरून राह्यला, दाब बनून नाई राह्यला. आमच्याकडं सगळे मेकॅनिक यालेच मेघा म्हनतात. प्रफुलभाऊकडं तिचा पक्का इलाज हाय म्हने."

मी कसाबसा आवाज काढला. "मेघा... म्हंजे काय हो?"

"तुमाले नाई समजाचं ताई, मशीनची भाषा हाय ते," त्यांनी मोठ्या समजूतदारपणे सांगितलं. "जर्मन शब्द असन. बरं, मी फोन केल्ता म्हनून सांगजा. तुमी कोन बोलून राह्यल्या?"

लग्नात उखाण्यात यांचं नाव घ्यायला मला पाच मिनिटं लागली होती. सगळा मांडव खोळंबला होता.

त्या दिवशी मात्र मी श्वासही न घेता म्हटलं, "मी प्रफुलची बायको."